मेघांतलें दप्तर

(नभोवाणीवरील भाषण)

जुलै २०१८ च्या दुसऱ्या आठवड्यांत वसई-विरार भागांत जो पाऊस झाला, त्याची आठवण त्या तालुक्यांत अजून ताजी आहे. नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी सांचल्यामुळें रेल्वेगाड्या थांबल्या, कित्येक वस्त्यांतील वीज बंद झाली, आणि वसईच्या मिठागर वस्तींतील शेंकडों माणसें पाण्यानें वेढलीं गेलीं. असा प्रसंग आला म्हणजे तळमजल्यावरच्या घरांत पहिली धांवपळ मुलांची व म्हाताऱ्यांची होते, दुसरी धान्याची, आणि तिसरी एका लोखंडी पेटीची. त्या पेटींत घराचें खरेदीखत, सात-बाराचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, रेशनकार्ड, जन्ममृत्यूचे दाखले आणि लग्नांतलीं छायाचित्रें असतात. पाणी कमरेइतकें चढलें म्हणजे पेटी उचलावयास हात मोकळा असतोच असें नाहीं. पाणी ओसरल्यावर गादी उन्हांत वाळते, भांडें घासून स्वच्छ होतें. परंतु कागदावरची शाई एकदां पाण्याबरोबर गेली, कीं ती कोणत्याहि उन्हानें परत येत नाहीं.

अशा वेळीं कोणी तरुण शेजारी म्हणतो, "काका, हे सगळे कागद क्लाउडवर ठेवायला हवे होते." काका मान डोलावतात, पण मनांत म्हणतात, 'क्लाउड म्हणजे ढग. ज्या ढगानें घर बुडविलें, त्याच ढगांत कागद कसे ठेवावयाचे?' हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं, कारण नांवच फसवें आहे. भारत सरकारनेंहि आपल्या खात्यांकरितां अशी सेवा २०१४ मध्यें सुरू केली, तेव्हां तिला 'मेघराज' असेंच नांव दिलें. या मेघांत असतें तरी काय, तेथें ठेवलेली वस्तु कशी टिकते, आणि ती टिकेल या भरंवशावर माणसानें किती विसंबावें, या तीन गोष्टींचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

पहिली गोष्ट अशी कीं, हा मेघ आकाशांत नाहीं; तो जमिनीवर, सिमेंटच्या भिंतींच्या आंत आहे. मोबाईलवरून पाठविलेला कागद हवेंतून जातो तो फक्त जवळच्या टॉवरपर्यंत. तेथून पुढें तो जमिनींत पुरलेल्या कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें धांवतो व एका मोठ्या इमारतींत पोंचतो. या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. तेथें कपाटांच्या रांगाच्या रांगा असतात, आणि प्रत्येक कपाटांत सर्व्हर नांवाचे, पडदा व कळफलक नसलेले संगणक रात्रंदिवस चालू असतात. ते तापूं नयेत म्हणून शीतयंत्रें, वीज गेल्यास चालावे म्हणून बॅटऱ्या व डिझेलवरील जनित्रें, आणि दारावर पहारेकरी, असा सगळा सरंजाम असतो. ठाण्याच्या खाडीपलीकडे नवी मुंबईंत ऐरोली व महापे येथें अशा इमारती आहेत. पनवेल येथील एक मोठी इमारत २०२० मध्यें सुरू झाली. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें, ॲमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस आणि गुगलनें २०१७ मध्यें मुंबईसच आपलीं मेघकेंद्रें उघडलीं. समुद्राच्या तळावरून परदेशांतून येणाऱ्या तारांपैकीं कित्येक मुंबईंत वर्सोव्याच्या किनाऱ्यास लागतात. मात्र एखाद्या कुटुंबाचा कागद नेमका कोणत्या गांवीं आहे, हें ठेवणाऱ्यास सहसा कळत नाहीं. तो महाप्यासहि असेल, सिंगापुरासहि असेल. सारांश, मेघ म्हणजे दुसऱ्याच्या घरांतील दुसऱ्याचें यंत्र. त्यांत जागा भाड्यानें किंवा फुकट मिळालेली असते, एवढेंच.

दुसऱ्या ठिकाणीं प्रत ठेवण्याची ही युक्ति वसईला अगदींच अपरिचित नाहीं. वसईवर दोनशें वर्षें पोर्तुगीजांचा अंमल होता. १५५४ मध्यें सिमाव बोतेल्यो या महसुली अधिकाऱ्यानें गोवें, वसई, दीव इत्यादि ठाण्यांच्या उत्पन्नाची 'तोंबो' नांवाची नोंदवही तयार केली. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. आज किल्ल्यांतील वाड्यांवर छप्पर उरलेलें नाहीं आणि देवळांच्या भिंतींवर वडपिंपळ वाढले आहेत. परंतु सोळाव्या शतकांत वसईच्या मुलुखाचा वसूल काय होता हें आजहि वाचतां येतें, कारण ती नोंदवही १८६८ मध्यें लिस्बन येथें छापली गेली. ठाणें पडलें तरी नोंद राहिली, कारण ती त्या ठाण्याच्या चार भिंतींवर अवलंबून नव्हती. मेघसेवेचें सारें बळ या एका गोष्टींत आहे, आणि तिचें सारें दुबळेपणहि ही गोष्ट विसरण्यांत आहे.

आतां कागद तेथें कसा ठेवतात तें पाहूं जातां प्रथम असें दिसतें कीं, मोठी वस्तु तेथें अखंड ठेवीत नाहींत. ड्रॉपबॉक्स नांवाची सेवा २००८ मध्यें सर्वांस खुली झाली. ती प्रत्येक फाईलीचे चार-चार मेगाबाइटांचे तुकडे पाडते. लग्नाची चित्रफीत असेल तर तिचे शेंकडों तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याचा हिशेब करून त्याचा एक ठसा काढतात. हा ठसा म्हणजे काय, तें जुन्या पद्धतीच्या शाळेंत शिकलेल्यांना चटकन कळेल. गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं पूर्वीं नवांचा ताळा घेत असत. ७२५४ या संख्येच्या अंकांची बेरीज अठरा, आणि अठरांतील अंकांची बेरीज नऊ. हिशेब चुकला तर ताळा सहसा जमत नाहीं. पण त्या ताळ्यांत एक दोष होता. कोणी ७२५४ ऐवजीं ७५२४ लिहिलें तरी ताळा नऊच येतो, आणि चूक लपून राहते. मेघसेवेंतील ठसा हा असाच ताळा आहे. परंतु तो एका अंकाचा नसून ६४ अक्षरांचा असतो, आणि मूळ मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा निराळाच येतो. दोन भिन्न तुकड्यांचा ठसा एक येण्याचा संभव इतका थोडा आहे, कीं व्यवहारांत तो नाहींच असें मानतात.

या ठशाचे दोन उपयोग होतात. एक, तुकडा वाटेंत किंवा कपाटांत बिघडला तर तें लागलींच कळतें. दोन, जो तुकडा पूर्वींच येऊन पडला आहे तो पुन्हां पाठवावा लागत नाहीं. दोनशें पानांच्या पुस्तकांत एक ओळ सुधारली तर सबंध पुस्तक पुन्हां धाडण्याचें कारण काय? फक्त बदललेला भाग धाडावा. ही युक्ति ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनीं १९९६ मध्यें आपल्या एका आज्ञावलींत उत्तम रीतीनें साधली, व पुढें त्या धर्तीच्या युक्त्या सर्वत्र रूढ झाल्या. संथ जाळ्यावरहि मोबाईल आपलें काम उरकूं शकतो, त्याचें एक कारण हें आहे.

तुकडे पोंचल्यावर ते एकाच तबकडीवर ठेवणें धोक्याचें, कारण तबकडी आज ना उद्यां बिघडावयाचीच. म्हणून एकेका तुकड्याच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या यंत्रांवर ठेवतात. प्रतींना जागा फार लागते, म्हणून दुसरी एक हिशेबी युक्तीहि योजतात. एका पाटीवर ७ लिहा, दुसरीवर ५, आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२. तिन्हींपैकीं कोणतीहि एक पाटी फुटली तरी उरलेल्या दोहोंवरून हरवलेला अंक काढतां येतो. सातांची पाटी फुटली तर बारांतून पांच वजा केले कीं सात मिळाले. रीड व सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० मध्यें याच जातीची, पण पुष्कळ पाट्या फुटल्या तरी चालेल अशी, रीत बसविली. मोठमोठ्या मेघकेंद्रांत आज या धर्तीच्या रीती वापरांत आहेत. एखाद्या कपाटांतील तबकडी बदलतांना मालकास त्याची वार्ताहि लागत नाहीं, ती यामुळें.

येथवर ठेवण्याची गोष्ट झाली. आतां दुसरी व अधिक नाजूक गोष्ट, ती म्हणजे सिंक. एकच कागद मोबाईलवर, घरच्या संगणकावर आणि मेघांत असा तीन ठिकाणीं असतां एका ठिकाणीं केलेला फेरफार इतर दोन्ही ठिकाणीं आपोआप उमटविणें, यास सिंक म्हणतात. हें काम कसें चालतें, तें समजण्यास गांवच्या तलाठ्याच्या दप्तराइतकें चांगलें उदाहरण नाहीं.

सात-बाराचा उतारा सर्वांच्या परिचयाचा आहे. गांव नमुना सात व गांव नमुना बारा मिळून तो होतो. पण सात-बारावर कोणी थेट खाडाखोड करूं शकत नाहीं. जमीन विकली, वारसा झाला, बोजा चढला, कीं प्रथम गांव नमुना सहांत, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहींत, अनुक्रमांकानें नोंद होते. संबंधितांस नोटीस जाते, मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सात-बारा बदलतो. जुनें नांव पुसून टाकीत नाहींत. त्याला कंस करतात, जेणेंकरून पूर्वीं कोण होतें हें वाचतां यावें. महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळूं लागला, तरी त्यामागची शिस्त हीच आहे.

मेघसेवेचा मुख्य सर्व्हर अशीच एक फेरफाराची वही ठेवतो. अमुक फाईल नवी आली, तमुक फाईलीचा तिसरा तुकडा बदलला, अमकीचें नांव बदललें, अशी प्रत्येक घटना ओळीनें क्रमांक घालून तो लिहितो. मोबाईल जागा झाला कीं विचारतो, 'माझ्याकडे २१२ पर्यंतच्या नोंदी आहेत; पुढें काय झालें?' सर्व्हर २१३ पासूनच्या नोंदी देतो, आणि मोबाईल त्या एकेक करून आपल्या प्रतीवर उतरवितो. येथें घड्याळावर फारसा विश्वास टाकीत नाहींत, कारण दोन यंत्रांचीं घड्याळें क्वचितच जुळतात. घटनांचा क्रम घड्याळावांचून कसा लावावा, याचें मूलभूत विवेचन लेस्ली लॅम्पोर्ट या संशोधकानें १९७८ मध्यें केलें. तलाठीहि नोंदीची घटिका पाहत नाहीं, क्रमांक पाहतो. जुन्या आवृत्त्या कांहीं काळ कंसांतील नांवांप्रमाणें राखून ठेवण्याची सोयहि बहुतेक सेवांत असते.

आतां तंट्याचा प्रसंग घ्या. आगाशीकडे वाडी असलेले दोन भाऊ आहेत, असें समजूं. थोरला वाडींत मोगरा तोडवून घेतो, धाकटा पहांटेच्या गाडीनें माल घेऊन दादरच्या फुलबाजारांत जातो. दोघांच्या मोबाईलांत हिशेबाची एकच फाईल आहे. गाडी नायगांव सोडून भाईंदरच्या पुलावर असतां धाकट्याचें जाळें तुटलें. त्यानें तशांतच कालची उधारी लिहिली. इकडे वाडींत विजेबरोबर जाळेंहि गेलेलें. थोरल्यानें मजुरांचे पैसे लिहिले. दोघांनींहि २१२ क्रमांकाच्या प्रतीवरच लिहिलें. दादरला धाकट्याचें जाळें आधीं जुळलें व त्याची नोंद २१३ झाली. मग थोरल्याची नोंद आली, तीहि २१२ च्या आधारानें. आतां ती तशीच वर ठेवली तर उधारी पुसली जाईल. न ठेवली तर मजुरी पुसली जाईल. अशा वेळीं चांगली सेवा दोन्ही प्रती राखते, आणि एकीच्या नांवापुढें 'विरोधी प्रत' अशा अर्थाचा शेरा घालते. कांहीं सेवांत दोघांचें लिखाण अक्षरशः एकांत एक गुंफण्याची सोय आहे; पण उधारी खरी कीं मजुरी खरी, हें ठरविणारा मंडळ अधिकारी यंत्रांत बसलेला नाहीं. तें काम संध्याकाळीं ओटीवर बसून दोघां भावांनींच करावयाचें असतें. शेरा पाहून 'ही कसली जादा फाईल?' म्हणून जो ती टाकून देतो, तो भावाची मजुरीच टाकून देतो.

यापुढची गोष्ट तंट्याहून अधिक घातक आहे. तलाठ्याच्या दप्तराशीं सिंकचें साम्य येथें संपतें. तलाठ्याकडे नोटीस आहे, मुदत आहे, हरकत घेण्याची जागा आहे. सिंकला हें कांहीं नाहीं. तो अतिशय आज्ञाधारक नोकर आहे. सांगितलें तें तो तत्काळ व सर्व ठिकाणीं करतो. सामवेदी किंवा कादोडी बोलींत लग्नाचीं गाणीं म्हणणारी एखादी आजी असते. नातवानें तिचीं गाणीं मोबाईलवर टिपून घेतलेलीं असतात. आजी जाते. वर्षानें मोबाईल भरतो. मेघांत प्रत आहेच, या समजुतीनें नातू मोबाईलवरच्या फाईली पुसून टाकतो. मोबाईलवर 'पुसलें' ही एक नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, आणि ती नोंद मेघांत, घरच्या संगणकांत, बहिणीच्या मोबाईलांत, जेथें जेथें प्रत आहे तेथें तेथें इमानानें उतरते. केराच्या टोपलींत ती वस्तु कांहीं दिवस पडून राहते. गुगल ड्राइव्हच्या टोपलींत ती ३० दिवस राहते. एकतिसाव्या दिवशीं आजीचा आवाज चारहि ठिकाणांहून सारखाच नाहींसा झालेला असतो. पुराच्या पाण्यास भिंत तरी आडवी येते. या पुसण्यास कांहींच आडवें येत नाहीं.

म्हणून दोन शब्दांतील भेद नीट ध्यानांत ठेविला पाहिजे. सिंक हा आरसा आहे. समोर जें असेल तें तो दाखवितो. समोरचा मनुष्य उठून गेला कीं आरशांतलाहि जातो. राखीव प्रत ही निराळी वस्तु आहे. ती एका दिवशीं काढून बाजूला ठेवलेली असते, आणि मूळ पुसलें गेलें तरी ती जागची हलत नाहीं. दुष्ट हेतूनें फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर हल्लीं आहेत. त्यांनीं बिघडविलेली फाईलहि सिंक तितक्याच तत्परतेनें सगळीकडे पोंचवितो. तेथें जुनी आवृत्ति किंवा वेगळी ठेवलेली राखीव प्रत यांपैकीं एक असेल तरच माणूस वांचतो.

हा भेद विसरल्यानें मोठमोठ्यांचेंहि नुकसान झालें आहे. दक्षिण कोरियांतील डेजॉन शहरीं तेथील सरकारचें डेटा सेंटर आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं तेथें बॅटऱ्या हलविण्याचें काम चालू असतां आग लागली व शेंकडों सरकारी सेवा बंद पडल्या. इतर पुष्कळशा सेवा पुढें पूर्ववत् झाल्या. परंतु सरकारी नोकरांच्या फाईली ठेवण्यासाठीं 'जी-ड्राइव्ह' नांवाचा जो मेघ होता तो जळाला तो जळालाच. त्यांत ८५८ टेराबाइट इतका मजकूर होता. संचय फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. त्यापूर्वीं १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्ग येथें एक डेटा सेंटर जळालें, तेव्हां ज्यांच्या राखीव प्रती त्याच आवारांत होत्या त्यांचें मूळहि गेलें आणि प्रतहि गेली. एका आवारांतील दोन प्रती म्हणजे एकाच होडींत ठेवलेलीं दोन गांठोडीं होत. म्हणून जाणते लोक असा नियम सांगतात: महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी दुसऱ्या गांवीं असावी. गरीब कुटुंबासहि हें अशक्य नाहीं. एक प्रत मोबाईलवर, एक मेघांत, आणि एक छोट्या पेन ड्राइव्हवर घालून नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या मावशीकडे ठेवली, कीं नियम पाळला गेला.

कुलूप जितकें चांगलें तितकी किल्लीची चिंता अधिक. मेघांतील दप्तराची किल्ली म्हणजे पासवर्ड, आणि त्याच्या जोडीला मोबाईलवर येणारा सांकेतिक आंकडा. पुरांत पेटीबरोबर मोबाईलहि गेला, तर तो आंकडा कोठें येणार? बहुतेक सेवा अशा प्रसंगासाठीं सुटकेचे आंकडे आधींच देतात. ते कागदावर लिहून मावशीकडच्या गांठोड्यांत ठेवावेत. घरांतील कर्ता पुरुष एकटाच किल्ली जाणत असेल, तर त्याच्या मागें सगळें दप्तर बंद राहतें. दोन वर्षें वापर नसलेलें वैयक्तिक खातें, त्यांतील मजकुरासह, काढून टाकण्याचा नियम गुगलनें डिसेंबर २०२३ पासून अंमलांत आणला आहे. आपल्या पश्चात् कोणास कळवावें व काय द्यावें हें आधींच नोंदवून ठेवण्याची सोयहि त्याच कंपनीनें २०१३ पासून ठेविली आहे. ती वापरणारे थोडे. किल्ली घरांतील निदान दोघांस ठाऊक असावी; पण ज्याला त्याला दुवा पाठवून दप्तर उघडें टाकूं नये. 'ज्याच्याकडे दुवा त्यास प्रवेश' अशा रीतीनें आधारकार्डाचें छायाचित्र ठेवणें म्हणजे पेटी रस्त्यावर ठेवण्यासारखेंच आहे.

शेवटीं कायद्याचा एक मुद्दा. कागदाचें छायाचित्र म्हणजे मूळ कागद नव्हे. केंद्र सरकारनें १ जुलै २०१५ रोजीं डिजिलॉकर ही सेवा सुरू केली. तींत दोन प्रकारचे कागद असतात. नागरिकानें स्वतः छायाचित्र काढून चढविलेले, हा एक प्रकार. आणि जें खातें दाखला देतें त्यानेंच तेथें उपलब्ध केलेले, हा दुसरा. २०१७ मध्यें दुरुस्त केलेल्या नियमांप्रमाणें दुसऱ्या प्रकारचे कागद मूळ कागदाच्या बरोबरीचे मानले जातात. पहिल्या प्रकाराला तो मान नाहीं. परंतु म्हणून पहिला प्रकार निरुपयोगी ठरत नाहीं. नोंदविलेलें खरेदीखत बुडालें तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरींतून त्याची प्रमाणित प्रत मिळूं शकते; तेथें दस्ताचा क्रमांक व वर्ष विचारतात, आणि तीं छायाचित्रांत वाचतां येतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळेच्या जनरल रजिस्टराचा क्रमांक असतो. तो सांगितला कीं कारकुनास जुन्या वहींत नेमकें पान सांपडतें, नाहीं तर त्याला वर्षेंच्या वर्षें चाळावीं लागतात. मेघांतलें छायाचित्र मूळ कागद परत देत नाहीं. पण मूळ नोंद कोठें आहे त्या दारापर्यंत नेऊन पोंचवितें. ज्याच्या हातीं कांहींच उरलें नाहीं त्याला तेवढेंहि पुष्कळ असतें.

वसईच्या घरांत मे महिन्यांत आगोटीची तयारी होते. तांदूळ भरतात, सुकी मासळी डब्यांत जाते, मिरचीमसाला कुटतात, पागोळ्या व पन्हळ नीट करतात. या कामांत आणखी एक अर्ध्या तासाचें काम घालावें. लोखंडी पेटी उघडून एकेक कागद उजेडांत ठेवून त्याचें छायाचित्र घ्यावें; क्रमांक व शिक्का वाचतां येतो कीं नाहीं हें पाहावें; तें मेघांत ठेवावें; पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ती परगांवीं धाडावी. मग घरांतल्या दुसऱ्या कोणी, शक्य तर घरांतल्या बाईनें, निराळ्या मोबाईलवरून तो कागद स्वतः उघडून पाहावा. तो उघडला, तरच प्रत आहे असें समजावें. न उघडला, तर किल्ली कोठें चुकली तें शोधावयास अजून पावसाळा लागलेला नसतो.